वाकलेले चाक आणि दुरुस्तीचा हिशोब

रस्त्यातला खड्डा वेळेवर दिसला नाही आणि सायकलचे पुढचे चाक त्याच्या कडेवर आदळले. मला फारसे लागले नाही. मात्र चाक उचलून फिरवले, तेव्हा प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी रिम ब्रेकच्या रबराला घासून ‘खस्स’ असा आवाज येऊ लागला.

आउट काढणे, म्हणजे चाकाचा असा वाकडेपणा काढून ते सरळ करणे, मला थोडेफार जमते. माझ्या चाकात ३६ आरे आहेत. त्यांतले निम्मे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, डाव्या अंगाला आणि निम्मे उजव्या अंगाला अडकवलेले असतात. त्यामुळे रिम उजवीकडे झुकली असेल, तर तेवढ्या भागातले डावीकडचे आरे कसायचे आणि उजवीकडचे किंचित सैल करायचे, तेही आरे कसायच्या चावीने, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. (सायकल उलटी ठेवली की चावी कोणत्या दिशेने फिरवायची, याचा माझा गोंधळ दरवेळी नव्याने होतो.)

तासाभरात चाक सरळ दिसू लागले; पण आरे बोटाने छेडून पाहिले, तेव्हा तीन आऱ्यांचा आवाज तारेसारखा चढा लागला आणि शेजारचे दोन नुसते थडथडले. म्हणजे रिम मुळातच वाकली होती आणि त्या तीन आऱ्यांनी तिला ओढून धरले होते. असे चाक लवकरच पुन्हा आउट होते, आणि ताण असमान राहिल्याने आरेही तुटू लागतात.

दुकानातल्या मिस्त्रींचेही मत तेच पडले. जुन्या हबवर नवी रिम चढवायची, तर रिमची किंमत, सगळे आरे पुन्हा भरण्याची मजुरी आणि रिमचे माप थोडेही वेगळे निघाले तर नवे आरे, असा खर्च वाढत जातो. हब उत्तम असता तर मी तो केलाही असता. परंतु आस हाताने फिरवल्यावर बेअरिंग खरखरत होते. म्हणून तयार चाक घेतले आणि टायर-ट्यूब जुनीच ठेवली. नव्या चाकाचे आरे सुरुवातीला थोडे सैल पडतात, त्यामुळे आठवड्याभराने आउट पुन्हा तपासावा लागेल. त्याचे वेगळे पैसे घेणार नाही, असे मिस्त्रींनी कबूल केले आहे.