फोटोतला आईचा हात

ऑफिसात एकीला वाहतूक दंडाच्या ई-मेमोचा मेसेज आला आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी आपापल्या गाड्यांचे नंबर टाकून बघितले. बडोद्यात मराठी माणसंही चलान म्हणत नाहीत, मेमोच म्हणतात. मला कधी मेसेज आला नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होते. सरकारच्या परिवहन साइटच्या ई-चलान पानावर गाडीचा नंबर, चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे, मग ओटीपी. आरसीचा फोटो मोबाइलमध्ये होता, म्हणून तिथल्या तिथे जमलं. माझ्या नावावर तीन मेमो निघाले. सगळ्यात जुना पाच महिन्यांपूर्वीचा.

मेसेज न येण्यात चूक माझीच होती. गाडी २०१५ ची. तेव्हा आम्ही बडोद्यातच अकोट्याला राहत होतो, आता मांजलपूरला. नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर मी कधीच बंद केलेला, पत्ताही तिथलाच राहिलेला. पत्ता बदलला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी ते वर्षानुवर्षं टाळलं होतं. म्हणून सगळ्यांना आधी हेच सांगते: मेमो नसला तरी आरसीतला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते आजच बघा. परिवहनच्या साइटवर बदलता येतो.

प्रत्येक मेमोसोबत फोटो असतो, त्यावर जागा, तारीख आणि वेळ. पहिल्या फोटोत माझी गाडी स्टॉप लाइनच्या पुढे, पार झेब्रा क्रॉसिंगवर. दुसरा वेगाचा. तिसरा सीट बेल्टचा, समोरच्या काचेतून घेतलेला. तो मी मोठा करून बघितला. संध्याकाळची वेळ, खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन आईला दांडिया बाजारात सोडायला निघाले होते तेव्हाचा. मला बेल्ट नाही. शेजारी आई, तिलाही नाही. तिच्या मांडीवर भाजीची पिशवी आहे आणि डावा हात डॅशबोर्डवर टेकलेला, बोटं पसरून, कशाला तरी घट्ट धरल्यासारखा.

आईचं वय ७४ आहे. मेमो बघितले त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि अगदी सहज म्हणाली, "तू सिग्नल आला की एकदम ब्रेक दाबतेस ना, म्हणून मी आधीच धरून ठेवते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच गं."

दंडापेक्षा मला हे जास्त लागलं. माझी आई माझ्या गाडीत बसून इतकी वर्षं स्वतःला सावरत होती आणि मला पत्ताच नव्हता.

दंडाचं सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राने सीट बेल्टचा दंड १,००० रुपये केला, गुजरातने तो ५०० वर ठेवला. शेजारी बसलेल्याने बेल्ट लावला नसेल तर त्याचीही जबाबदारी चालकाचीच. हा मेमो मी त्याच रात्री भरला, वेगाचाही भरला. स्टॉप लाइनचा मात्र मला पटत नव्हता. तिथली लाइन पुसट झालेली आहे, दिसतच नाही, असं माझं म्हणणं. जुना असल्यामुळे तो व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन कोर्टात गेला होता. तिथे गाडीचा किंवा चलानचा नंबर टाकून प्रकरण बघता येतं, आणि दोन वाटा असतात: दंड भरा, नाहीतर मान्य नाही म्हणा. मान्य नाही म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं. माझा मावसभाऊ वकील आहे. तो म्हणाला, "ताई, आधी तिथे जाऊन उभी राहून बघ, मग ठरव."

मी गेले, चालत, ऑफिस सुटायच्या वेळी. लाइन थोडी पुसट आहे हे खरं, पण दिसते. आणि तिच्यापुढे उभ्या गाड्यांच्या बॉनेटमधून वाट काढत एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. त्यांच्यासाठी आखलेल्या पट्ट्यांवर आमच्यासारख्यांची चाकं. घरी येऊन तिसराही दंड भरला, पावती जपून ठेवली.

मग मी स्वतःच्या गाडी चालवण्याकडे नीट बघायला लागले. तिन्ही फोटोंच्या मागे माझी एकच सवय होती. लांबून हिरवा दिसला की तो गाठायचा. पाय दाबायचा, वेग वाढवायचा, आणि नाही गाठला तर शेवटच्या क्षणी ब्रेक. म्हणून वेग जास्त, म्हणून चाकं लाइनच्या पुढे, म्हणून आईचा हात डॅशबोर्डवर. आणि पेट्रोलही त्यातच जात होतं, कारण गाडीला वेग द्यायला जे जाळलं ते ब्रेक दाबताच उष्णता होऊन डिस्कमधून उडून जातं.

बाबा त्यांच्या बजाज स्कूटरचं ॲव्हरेज एका छोट्या डायरीत लिहायचे. मीही वही केली. पद्धत त्यांचीच: टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचं. एकच काळजी, दोन्ही वेळा पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडतो तिथेच थांबायचं. पंपावरचा मुलगा रुपयांचा आकडा गोल करायला विचारतो, "बेन, राउन्ड करी दउं?" नाही म्हणायचं, नाहीतर हिशोब फसतो. गाडीच्या डिस्प्लेवरचं ॲव्हरेज मी धरत नाही, वहीतलं धरते.

काही न बदलता पहिल्या दोन टाक्या: १३.६ आणि १३.९.

मग टायर. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं आहे, मागच्या डाव्या चाकात २४ होती. डिकीत मातीच्या दोन गोणी कित्येक महिने पडून होत्या, त्या काढल्या. पण खरा फरक पायाने पडला. लांबून लाल दिसला की आता मी ॲक्सिलरेटर सोडून देते आणि गाडी गिअरमध्येच राहू देते. बाबा उतारावर न्यूट्रल करायचे, कार्बुरेटरच्या दिवसांत सगळेच करायचे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे: गिअरमध्ये असताना पाय सोडला की इंजिनला जाणारं पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, शिवाय गाडी ताब्यात कमी राहते. हे मला गॅरेजवाल्या काकांनी समजावलं आणि आमच्या पुलाच्या उतारावर मी रोज ते करते. सिग्नलवर टायमर मोठा आकडा दाखवत असेल तर इंजिन बंद. गिअर लवकर वर, चाळीसला चौथा.

पुढच्या टाक्या: १५.२, १६.८, १७.१.

महिन्याला माझी गाडी सातशेच्या आसपास किलोमीटर चालते. म्हणजे साडेनऊ लिटर कमी, पेट्रोल ९५ च्या जवळ धरलं तर नऊशे रुपये. आणि वेळ? मांजलपूरहून काळा घोडा सर्कलवरून फतेगंजला पोचायला आधी सरासरी २४ मिनिटं लागायची, आता २५. मी आठवडाभर घड्याळ लावून बघितलं आहे. एक्सप्रेस वेवरचंही तेच. अहमदाबादपर्यंतच्या ९३ किलोमीटरना शंभरच्या वेगाने ५६ मिनिटं, ऐंशीने ७०. एवढ्या चौदा मिनिटांसाठी गाडी हवेशी झगडत नेत होते. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीत हवेचा विरोध वाढतो, आणि तो टाकीतून भरायचा असतो.

आधीच्या वर्षांचा हिशोब मी केला नाही. करवतही नाही.

मागच्या महिन्यात टाकी १६.३ वर आली. आठवडाभर पाऊस होता, गाड्या रांगत होत्या, काच धुरकट होते म्हणून एसी सतत चालू. तेही लिहिलं, शेजारी कारणासकट. आता पेट्रोल भरायला जाताना आईला बरोबर घेते. ती बेल्ट लावून बसते, चष्मा नाकावर घेऊन मीटरवरचे किलोमीटर मोठ्याने वाचते, आणि मी वहीत लिहिते.