शॉवरचा पडदा आणि जूनमधला रेनकोट

रविवारी बाथरूममधला शॉवरचा पडदा बदलला. जुना इतका कडक झाला होता की घडी घालताना रेषेवर तुटला. नवा उघडला आणि त्या वासानं मी थेट सांगलीत पोहोचलो. जूनचा पहिला आठवडा, नवा रेनकोट, अप्पांच्या दुकानातले रेक्झीनचे रोल. आमच्याकडे याला 'नव्या मालाचा वास' म्हणत. गिऱ्हाईक नाक लावून माल बघायचं आणि खूश व्हायचं.

तिसऱ्या पावसाळ्यात तोच रेनकोट काखेत तडकायचा. का, ते आता कळलं. रेनकोट, रेक्झीन, पडदा, सगळं पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं. ते मुळात कडक, आपल्या नळाच्या पाइपासारखं. ते मऊ करायला त्यात थॅलेट नावाची तेलकट द्रव्यं घालतात. लवचिक मालात ती वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतात. गंमत अशी की ती प्लास्टिकला जोडलेली नसतात, नुसती मध्ये मुरलेली असतात. भडंग वर्तमानपत्रावर घेतलं की तेल कागदाला लागतं आणि भडंग कोरडं पडतं, तसंच.

मग तुटलेल्या पडद्यातलं तेल कुठे गेलं? आणि उरलेलं कुठे जाणार?

मी राहतो त्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचमध्ये माउंट ट्रॅशमोर नावाची साठ फुटांची हिरवीगार टेकडी आहे. सहा वर्षं लेकीला घेऊन तिथे पतंग उडवतोय. ती टेकडी कचऱ्याची आहे हे नावातच आहे ('ट्रॅश' म्हणजे कचरा), पण हिरवळ इतकी नीट कापलेली की खाली काय आहे ते मनात येत नाही. परवा मात्र जवळच्या एका चालू लँडफिलवर, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेवर, लोकांना आत नेऊन दाखवणार होते, तिथे गेलो.

खरं सांगतो, मी पाघळलो. खाली दोन फूट दाबून बसवलेली चिकणमाती. तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीची काळी प्लास्टिकची शीट, सांधे गरम करून जोडलेले, प्रत्येक सांधा तपासलेला. त्यावर खडी, खडीत भोकाचे पाइप. कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी त्या पाइपांनी बाहेर काढायचं, शीटवर तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त साचू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी कचऱ्यावर मातीचा थर. जागा बंद झाल्यावर पुढं साधारण तीस वर्षं देखरेख. हे सगळं इथल्या सरकारच्या १९९१ च्या नियमांत लिहिलेलं. कचऱ्यासाठी एवढी बडदास्त! आपल्याकडच्या कचरा डेपोचा धूर डोळ्यांसमोर आला आणि मान खाली गेली.

पण दुकानदाराचा मुलगा आहे, माल विचारल्याशिवाय राहवत नाही. शीट कशाची? तर एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची. म्हणजे आपल्या तेलाच्या कॅनची बहीण. प्लास्टिक सांभाळायला प्लास्टिक! तिच्यातही ती टिकावी म्हणून अँटिऑक्सिडंट घातलेले असतात. आधी ते संपतात, मग शीट ठिसूळ व्हायला लागते. थंड जागी याला शतकं लागतील असा अंदाज, पण कचरा कुजताना आत पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, आणि उष्णतेनं ते आयुष्य झपाट्यानं कमी होतं.

आत जे चालतं तेही आपल्याला वाटतं तसं नाही. हवा थोड्या दिवसांत संपते. मग आम्ल तयार करणारे जिवाणू, पाणी आंबट होतं, त्यात शिसं-कॅडमियमसारखे धातू जास्त विरघळतात. जुन्या पीव्हीसीत शिशाचे क्षार घालतच होते. पुढं मिथेन करणारे जिवाणू येतात, आंबटपणा उतरतो आणि थॅलेटही थोडेफार तुटतात. बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधलं आणखी एक रसायन पाण्याबरोबर निघतं. टीव्हीच्या खोक्यातलं आग रोखणारं ब्रोमिनचं रसायन मात्र कुजक्या गाळाला चिकटून बसतं. ना ऊन, ना हवा, त्यामुळे मूळ प्लास्टिक जवळजवळ तसंच राहतं. ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथ्जेंनी अशा जागा खणल्या तेव्हा कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येत होती. कागदाची ही गत, मग माझ्या पडद्याचं काय घेऊन बसलात!

बाहेर काढलेलं ते काळं पाणी बऱ्याच ठिकाणी टँकरनं सांडपाण्याच्या प्रकल्पावर जातं, आणि तिथं ही सगळी रसायनं पकडली जातात असंही नाही. हे ऐकून मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

मग मी गाडीत बायकोला भाषण दिलं. आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, आई दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून विकते. आणि हे? २०१८ मध्ये यांच्याकडे साडेतीन कोटी टनांहून जास्त प्लास्टिक कचऱ्यात गेलं. त्यातलं दोन कोटी सत्तर लाख टन पुरलं, नव्यानं वापरात आलं नऊ टक्क्यांहून कमी. बायको म्हणाली, "आणि २०१९ चा तुमचा माल कुठं गेला?"

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. मारुती चौकाजवळचं आमचं दुकान छतापर्यंत पाण्यात. रेक्झीन, फोम, सोफ्याची कव्हरं, सगळं चिखलासकट रस्त्यावर ढीग केलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून दिलं. ट्रॉली कुठं जाते, हे आम्ही कोणी विचारलं नाही. तिथं खाली काळी शीट नव्हती एवढं नक्की. पण घरात गुडघाभर गाळ असताना कोण विचारतं? आणि आताही कापडी पडदा पाच डॉलर महाग होता, शिवाय घर भाड्याचं, म्हणून मी परत प्लास्टिकचाच आणला.

रात्री अप्पांना फोन केला, शीटचं सगळं वर्णन करून सांगितलं.

"दीड एमएम म्हणजे माल चांगला आहे," ते म्हणाले. "गॅरंटी किती?"

"बंद केल्यावर तीस वर्षं बघतात, अप्पा."

ते जरा हसले. "आपण रेक्झीनला एक वर्षाची देत होतो. ती पण तोंडी."