मेणवलीच्या घंटेवरचे साल वाचताना

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला मी बऱ्याचदा गेलो आहे. पण कृष्णेच्या घाटावर टांगलेल्या पोर्तुगीज घंटेवरचे साल स्वतःच्या डोळ्यांनी वाचून टिपून घ्यायचे, असे ठरवून गेलो तो एकदाच. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा उतरवून देवस्थानांना वाहिल्या गेल्या, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच.

पहिल्या दिवशी मी भर दुपारी पोहोचलो, आणि तिथेच चुकलो. अशा घंटेवरचा मजकूर मागाहून कोरलेला नसतो. तो साच्यातच उलटा उमटवलेला असतो आणि ओतकामात उठावाने बाहेर येतो, त्यामुळे काळाने झिजून गुळगुळीत झाल्यावर सपाट उजेडात तो धातूत विरून जातो. मी काढलेल्या छायाचित्रांत शेवटचा आकडा कधी सात दिसे, कधी एक. पातळ कागद लावून त्यावर पेन्सिलीचे शिसे घासावे, असा माझा बेत होता, परंतु देखरेखीसाठी असलेल्या आजोबांनी "बघा हवं तेवढं, पण हात लावू नका" असे बजावले. त्यांचे बरोबरच होते; जुन्या वास्तूंवर नावे खरडणारे आपलेच लोक असतात.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर गेलो. टॉर्च घंटेच्या अंगाशी जवळजवळ समांतर धरून बाजूने उजेड टाकला, तसा प्रत्येक आकडा आपल्याच बारीक सावलीवर उभा राहिला : १७०७. बाळ येशूला घेतलेली मेरीही तेव्हाच नीट दिसली.

साल वाचता आले, पण खरे काम त्यानंतर सुरू झाले. १७०७ म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूचे वर्ष. त्या वर्षी ही घंटा ओतली गेली आणि वसई पडली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. चिमाजी आप्पांनीच ती या घाटावर टांगली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आप्पा १७४० मध्ये वारले, नानांचा जन्म १७४२ चा, आणि हा घाट नानांनी बांधवलेला. म्हणजे आप्पांच्या हातून ती या जागी टांगली जाणे शक्य नाही. नारोशंकराच्या घंटेबाबतही असाच घोळ होतो : घंटेवरचे साल १७२१, मंदिर मात्र १७४७ चे.

परतताना वहीत नोंद केली : ओतकाम १७०७, वसईतून उतरवली १७३९, घाटावर टांगली, या रकान्यात 'आप्पांच्या पश्चात, नानांच्या काळात' एवढेच लिहिले.