मदत थांबवली तर काय बिघडतं?

गरीब देशांच्या शिक्षणखर्चावर मी लिहिते हे कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इतकी वर्षं परदेशी पैसा जातोय, तरी तिथली मुलं शिकत नाहीत. मग तो बंद केला तर काय बिघडतं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आफ्रिकेतला मलावी हा गरीब देश घ्या. १९९४ साली तिथल्या नव्या सरकारनं प्राथमिक शाळेची फी माफ केली आणि पटावरची मुलं साधारण १९ लाखांवरून एकदम ३० लाखांच्या घरात गेली. आईबापांना मुलं शिकवायची नसतात, हा समज त्या एका वर्षानं खोटा ठरवला. त्यांना फक्त फी परवडत नव्हती. पण एवढ्या मुलांना बसवायचं कुठे? झाडाच्या बुंध्याला फळा टेकवून वर्ग भरायचे, पाऊस आला की सुटायचे. शिकवायला उभी राहिली ती नुकतीच शाळा संपवलेली तरुण पोरं, जेमतेम काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर.

अशा देशाचं अंदाजपत्रक वाचताना मी आधी दोन रकाने बघते, चालू खर्च आणि विकास खर्च. पगार पहिल्यात, ते देशाच्या स्वतःच्या करांतून. इमारती दुसऱ्यात, तिथे मुख्यतः देणगीदारांचा पैसा. खोली बांधली, भिंतीवर नाव लागलं, तीन-चार वर्षांत प्रकल्प संपला. त्या खोलीतल्या शिक्षकाला मात्र पुढची तीस वर्षं दर महिन्याला पगार लागतो. त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्यासाठी हात आखडतो. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

"त्यांनी स्वतःचं बघावं" असंही लोक म्हणतात. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला जगभरातल्या देशांची शिक्षण परिषद भरली, तिच्या जाहीरनाम्यात सरकारी खर्चाचा १५ ते २० टक्के वाटा शिक्षणाला द्यायचं ठरलं, आणि काही गरीब देश तेवढा देतातही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कमी उत्पन्नाच्या देशांत एका मुलामागे वर्षाला जेमतेम ५५ डॉलर खर्च होतात, श्रीमंत देशांत ८ हजारांच्या वर. त्यात कर्जाचं व्याज आधी कापलं जातं.

२००० साली सेनेगलची राजधानी डकारमधल्या अशाच जागतिक शिक्षण परिषदेत १६४ देशांनी शब्द दिला होता, की शिक्षणासाठी मनापासून झटणारा कुठलाही देश पैशाअभावी अडणार नाही. त्या शब्दाचं काय झालं? एकूण मदतीतला शिक्षणाचा वाटा २०१९ मध्ये ९.३ टक्के होता, २०२२ मध्ये ७.६ वर आला. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली मदतसंस्थाच गुंडाळली.

भ्रष्टाचाराचा मुद्दा मी टाळत नाही. २०१३ मध्ये मलावीच्या तिजोरीवर डल्ला मारल्याचं 'कॅशगेट' प्रकरण उघड झालं आणि देणगीदारांनी सरकारला थेट दिला जाणारा पैसा रोखला. त्यांचा राग रास्त होता. पण चोरी वर्गातल्या पोरांनी केली नव्हती. हिशेब कडक तपासा, दोषींना तुरुंगात घाला, शिक्षकाचा पगार तेवढा अडवू नका.

म्हणून माझं उत्तर असं, की मदत थांबवू नका, तिची रीत बदला. तीन वर्षांच्या प्रकल्पाऐवजी दहा वर्षांचा शब्द द्या, आणि तो पगारासाठी द्या. १९९४ साली झाडाखाली पहिलीत बसलेली मुलं आज पस्तिशी ओलांडून गेलीत. त्यांची मुलं शाळेत जातात, आणि तिथे अजूनही एका शिक्षकामागे साठेक मुलं बसतात.