अंडी कशी करू?

इस्त्रीचा ढीग साठला की मी सिनेमा लावते. अट एकच, सिनेमा आधी पाहिलेला असावा. नव्या सिनेमाच्या नादात एकदा एका शर्टाची कॉलर करपवली, तेव्हापासूनचा हा नियम. परवा दुपारी 'रेव्होल्यूशनरी रोड' लावला. २००८ सालचा. लिओनार्दो डिकॅप्रिओ आणि केट विन्स्लेट, म्हणजे 'टायटॅनिक'मधलंच जोडपं, अकरा वर्षांनी पुन्हा एकत्र. बोट बुडाली नसती तर यांचं पुढे काय झालं असतं, हा विनोद तेव्हा सगळ्यांनी करून झालाय, मी करत नाही. दिग्दर्शक सॅम मेंडिस हा तेव्हा केटचा खऱ्या आयुष्यातला नवरा. मला आपली भलतीच उत्सुकता. दिवसभर बायकोला दुसऱ्या नवऱ्याशी भांडायला लावून झाल्यावर, संध्याकाळी घरी जाताना गाडीत हे दोघं काय बोलत असतील?

गोष्ट १९५५ची. न्यूयॉर्कपासून आगगाडीच्या अंतरावर, कनेक्टिकटमध्ये फ्रँक आणि एप्रिल व्हीलर यांचं छान पांढरं घर. दोन मुलं. तो रोज हॅट घालून शहरातल्या ऑफिसात जातो आणि तिथल्या कामाला मनातून हसतो. तिला नटी व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग ती म्हणते, सगळं विकून पॅरिसला जाऊ, मी नोकरी करीन, तू स्वतःला शोध. ठरतं, आणि मोडतं. त्याला बढती मिळू घातलेली असते, तिला दिवस गेलेले असतात. मोडायला एवढं पुरतं.

या सिनेमातली भांडणं नावाजलेली आहेत. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून झालेलं पहिलं भांडण तर असं, की माझी इस्त्री हवेतच राहिली. पण मला भीती वाटते ती भांडणांची नाही. सगळ्यात मोठं भांडण होतं, एप्रिल मागच्या रानात निघून जाते, रात्र सरते. सकाळी फ्रँक दबकत खाली येतो, तर ती स्वयंपाकघरात. केस नीट, कपडे नीट, चेहरा शांत. विचारते, अंडी कशी करू, फेटून की तळून?

बस्स. पोटात गोळा येतो.

मग दोघं समोरासमोर बसून खातात. ती त्याच्या नव्या कामाची चौकशी करते. तो पेन काढून आकृती काढतो आणि कॉम्प्युटर म्हणजे काय ते समजावतो. ती लक्ष देऊन ऐकते, मधेच नेमका प्रश्नही विचारते. निघताना तो नाश्ता फार छान झाला म्हणतो, तीही गोड बोलून त्याला वाटेला लावते. एखाद्या पाहुण्यानं हे पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय गुणी जोडपं आहे!

आमच्या घरी भांडणाची रीत ठरलेली होती. आधी आवाज, मग अबोला, आणि अबोला सुरू झाला की माझी टपालखात्यात नेमणूक. "बाबांना सांग, पान वाढलंय." बाबा तीन हातांवर बसलेले. मी वळून सांगायचे, "बाबा, पान वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." वाटेत मी निरोपात थोडी साखर घालायचे. "बाबा म्हणतायत, थोड्या वेळानं जेवतो." खोटं, पण टपालखात्याला तेवढी मुभा हवी. या सगळ्याची आम्हा भावंडांना भीती कधी वाटली नाही. अबोला म्हणजे घरातला पाऊस, दोन दिवसांनी उघडणारच.

एकदा मात्र वेगळं झालं. भांडण कशावरून होतं देव जाणे, पण ना आवाज, ना अबोला. सकाळी बाबांनी आईला डबा भरून दिल्याबद्दल "थँक यू" म्हटलं. आमच्या घरात! आणि आई म्हणाली, "त्यात काय एवढं." मी आणि धाकटा भाऊ एकमेकांकडे बघतच राहिलो. दिवसभर तेच. "जरा खिडकी लावतेस का? राहू दे, मीच लावतो." "नाही नाही, लावते ना." भावानं रात्री पांघरुणात तोंड घालून विचारलं, "ताई, आपल्याकडे कोण येणारे?" त्याला वाटलं, पाहुण्यांसाठी तालीम चाललीय. तीन दिवस हे शिष्टाचार चालले. चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा चष्मा सापडेना आणि ते ओरडले, "या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ!" आई आतून तितक्याच जोरात म्हणाली, "डोक्यावर बघा!" आम्ही दोघं इतके हसलो की दोघांनाही धपाटे बसले. त्या तीन दिवसांत काय घडत होतं, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला दोघंही नाहीत.

तर, व्हीलर राहतात ते उपनगर. आपल्याला उपनगर म्हटलं की गर्दी आठवते. तिकडे नेमकं उलट. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्जं मिळाली आणि शहराबाहेर घरं उगवली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट नावाच्या बिल्डरनं १९४७ पासून चारेक वर्षांत सतरा हजारांवर घरं उभी केली, जवळपास कारखान्यातल्या मालासारखी. व्हीलरांचं घर त्या मानानं वरच्या इयत्तेतलं, टेकाडावरचं, झाडांमधलं. पण प्रत्येक घरात सकाळी नवरा स्टेशनवर जाणार आणि बायको मागे राहणार, हे सगळीकडे सारखं. शिवाय व्हीलरांच्या रस्त्याचं नाव, रेव्होल्यूशनरी रोड! आपण 'क्रांतिमार्ग' म्हटलं की मोर्चा डोळ्यांसमोर येतो. इथे हिरवळ कापायची यंत्रं.

माझी एक मैत्रीण या सिनेमावर वैतागते. घर आहे, गाडी आहे, नवरा मारत नाही, मग हिला झालंय काय? मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा थोडी तिच्याच बाजूची होते. मग कुठेतरी वाचलं की कनेक्टिकटमध्ये १८७९ चा एक कायदा होता. त्यानुसार गर्भनिरोधक साधन वापरणं हाच गुन्हा. लग्न झालेल्या नवराबायकोंनी, आपल्या घरात, आपल्या खोलीत वापरलं तरी. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला १९६५ साली. एप्रिलच्या त्या सकाळनंतर दहा वर्षांनी. गर्भपाताचं तर नावच नको, त्याला १९७३ उजाडावं लागलं.

त्या सकाळी फ्रँकची गाडी गेल्यावर एप्रिल भांडी विसळते, आणि मग जे करायचं ते एकटीच करते. थोड्या वेळानं खिडकीपाशी उभी असते, पाठमोरी. फिकट गालिच्यावर रक्ताचा डाग. अंडी कशी करू हे विचारताना तिचं सगळं ठरलेलं होतं.

माझ्या आठवणीत सिनेमा त्या डागापाशीच संपला होता. म्हणून मी खाली मान घालून उशीच्या अभ्र्याकडे वळले. पडद्यावर हे घर विकून देणाऱ्या मिसेस गिव्हिंग्ज आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याला सांगत होत्या, व्हीलर मंडळी मला पहिल्यापासूनच काही पसंत नव्हती, घराची निगाही धड राखली नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक व्हायला लागला. मला वाटलं, टीव्हीचं काहीतरी बिघडलं. इस्त्री उभी केली, रिमोट शोधला आणि आवाज वाढवत गेले. आणखी वाढवला. बाई तावातावानं बोलतायत, ओठ हलतायत, आणि शब्द नाही. मग म्हाताऱ्याचा चेहरा दिसला. तो बायकोकडेच बघत होता, न हसता, न चिडता. एवढ्यात आठवलं. त्यानं कानाच्या यंत्राची कळ फिरवली होती.

तेवढ्यात श्रेयनामावली आली आणि मी वाढवून ठेवलेल्या आवाजात संगीत धाडकन घरभर झालं.

"अगं, आवाज कमी कर!" आतून ओरड आली.