बसून

"काय ऐकतेयस?" आत्यानं फोनवर विचारलं.

"बसून."

"अगं, बसूनच ऐकणार ना! पण ऐकतेयस काय?"

दोष माझा नाही, वाद्याच्या नावाचा. त्यातून ते बहुतेक वेळा वाजवतातही बसूनच. खुर्चीवर एक पट्टा आडवा टाकायचा, त्यावर ठाण मांडायचं आणि पट्ट्याच्या टोकाला वाद्याचं बूड अडकवायचं. वाद्य निसटू नये म्हणून वादकाचं वजन कामाला. फुंकून वाजवायचं हे वाद्य म्हणजे सुमारे अडीच मीटरची लाकडी नळी, मधोमध दुमडलेली. इटलीत याला फागोत्तो म्हणतात, म्हणजे मोळी. दुरून पाहिलं तर कुणीतरी मोळी कवेत घेऊन बसलंय असंच वाटतं.

ऑर्केस्ट्रात याला पुष्कळदा हसवायच्या कामाला जुंपतात. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’ या मुलांसाठीच्या संगीतकथेतले कुरकुरे आजोबा म्हणजे हाच. त्याचं दुःख कुणी ऐकून घेत नाही.

ते घेतलं फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँसनं. 1921 साली, वयाच्या 85व्या वर्षी, त्यानं ओबो, क्लॅरिनेट आणि बसून यांच्यासाठी पियानोच्या साथीनं एकेक सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, लिहिला. ज्यांना एरवी कुणी विचारत नाही अशा वाद्यांना बोलू द्यावं, एवढाच हेतू. त्याच डिसेंबरात अल्जियर्सला तो वारला. तो स्वतः जातिवंत पियानोवादक, दहाव्या वर्षी पॅरिसमध्ये मैफल गाजवलेला. पण इथे पियानो घरच्या मोठ्या सुनेसारखा वागतो: सगळं सांभाळतो आणि पाहुण्याला बोलू देतो.

मी या बसूनच्या सोनाटाची रेकॉर्डिंग्ज जमवते. जमवते म्हणजे काय, एकच बारा-तेरा मिनिटांची रचना वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा ऐकते. फ्रेंच बसूनवादक मोरिस आलारनं वाजवलेली ऐकताना मला पहिल्यांदा सनई आठवली. फ्रेंच बसून निराळा, त्याचं लाकूड बहुधा शिसवाच्या जातीचं आणि आवाज जरा नाकातला. आता जवळजवळ सगळीकडे जर्मन बनावटीचा बसून असतो, मेपलच्या लाकडाचा. तो गोल, गडद, पोटातून बोलणारा. मला विचाराल तर सोनाटा फ्रेंचच बरा. जर्मनवर तो फार सभ्य होतो. सनईची आठवण मात्र उगाच नव्हे. दोन्हीकडे ओठांत दुहेरी पत्तीच थरथरते.

हेडफोनवर ऐकलं की सुरांखेरीज आणखीही बरंच ऐकू येतं. एकट्या डाव्या अंगठ्यावर आठ-नऊ चाव्यांचा कारभार, त्यामुळे जलद जागी खटखट, खटखट, शेजारच्या खोलीत कुणी विणायला बसल्यासारखी. मग श्वास. सभागृहात तो पहिल्या रांगेलाही धड ऐकू येत नसेल. माइकनं तो माझ्या कानात आणून ठेवलाय. काही रेकॉर्डिंग्जमधून ही खटखट पार पुसून टाकलेली असते. ती मला इस्त्रीच्या कपड्यांसारखी वाटतात, कडक आणि बिनमाणसाची.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "लाव बघू."

मी फोन स्पीकरजवळ धरला आणि तिसरा भाग लावला. हा अतिशय संथ सुरू होतो. बसून एक लांबलचक गाणं गातो, खाली पियानो दबक्या पावलांनी चालतो. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "सनईला सर्दी झाल्यासारखं आहे. पण वाईट नाही हं. म्हातारा माणूस आहे का कुणी?"

"लिहिणारा होता."

"वाटलंच."

या भागाची एक खोड आहे. इतकं निवांत बोलून झाल्यावर सँ-साँस एकदम उठतो, चपला सरकवतो आणि चालू लागतो. शेवटचा जलद तुकडा इतका छोटा की नवख्याला कळतच नाही, हाच शेवट.

"हॅलो?" आत्या ओरडली. "अगं, कट झाला का फोन?"