आजोबांना निरोप देताना हातात कॅमेरा

आजोबा गेले तेव्हा मी त्यांच्यापासून तीन तासांच्या अंतरावर होते. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, मात्र तिकडे मायदेशी. वय ८४, गुडघे धरलेले, व्हिसा नाही. ती येऊ शकणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादाला शेवटचं बघायचं राहिलं गं. कोण कोण आलं ते तरी मला दाखव."

म्हणून मी बॅगेत कॅमेरा टाकला.

परदेशात कुणी वारलं की मायदेशी राहिलेल्यांसाठी अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर दाखवायची आता पद्धतच झाली आहे. आम्हीही मोबाइल स्टँडवर लावला. पण तिकडच्यांना दिसल्या त्या पहिल्या रांगेतल्या लोकांच्या पाठी, आणि आवाज मध्येमध्ये तुटत राहिला. चार देशांतून नातवंडं आली होती, काही जण दहा वर्षांनी एकमेकांना भेटत होते, आणि त्यातलं काहीच त्या स्क्रीनवर पोहोचत नव्हतं.

तरी कॅमेरा बाहेर काढायचं धाडस होईना. शेवटी बाबांना विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घे. पण आजीच्या समोर उभी राहू नकोस." आजीचं एकच सांगणं होतं, आजोबांच्या चेहऱ्याचा फोटो नको. तो मी काढला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मृत माणसाचा फोटो आवर्जून काढून घेत, कारण अनेकदा तोच त्याचा एकमेव फोटो असे. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा एका फोटोसाठी बराच वेळ स्तब्ध राहावं लागायचं. जिवंत माणसं हलली की पुसट उमटत. निश्चल देह तेवढा स्पष्ट येई. आमच्याकडे आजोबांचे हसरे फोटो भरपूर आहेत. मला हलणारी माणसंच हवी होती.

फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, ५० मिमीची एकच लेन्स, आणि मी भिंतीला टेकून. कुणी रडत असेल तर कॅमेरा खाली. चुलतभाऊ आत्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा होता, तो काढला. दाराशी पडलेला चपलाबुटांचा ढीग काढला. हे सगळे फोटो मी आत्याआजीच्या डोळ्यांनी काढत होते, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं याचा घोळ झाला नाही.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आजी आजोबांच्या खोलीत गेली. टेबलावरचा चष्मा उचलला, रुमालाने दोन्ही काचा नीट पुसल्या, काड्या मिटल्या, डबीत ठेवला. गेली कित्येक वर्षं ती रोज रात्री हेच करत आली होती. खोलीत एक दिवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदावर आलं, हलता हात स्पष्ट यायला फारच हळू. फोटोत चष्मा स्वच्छ आलाय, आजीचा हात मात्र धूसर. मी तो फोटो जवळजवळ काढूनच टाकला होता.

मोबाइलवर आत्याआजीला नीट दिसत नाही, म्हणून १९ फोटो निवडून तिच्या मुलाला पाठवले. त्याने ते मोठे छापून आणले. परवा व्हिडिओ कॉलवर ती एकेक हातात घेऊन बघत होती. एका उंच मुलावर बोट ठेवून म्हणाली, "हा कोण? कपाळ अगदी दादाचं." नावं, वयं, कोण कुठे असतं, सगळं विचारून घेतलं. मग चष्म्याचा फोटो आला आणि ती थांबली. बराच वेळ तो डोळ्यांजवळ धरून होती.

"वहिनीचा हात थरथरतोय का गं?"

मी सांगायला गेले की प्रकाश कमी होता, शटर हळू होतं. पण तोंडातून शब्द निघेना. त्या खोलीत मी कॅमेऱ्यातूनच बघत होते. तिचा कॉल ठेवला आणि लगेच आजीला फोन लावला.